शाळेतला रेडॉन: डबी कुठे ठेवायची, कधी ठेवायची आणि आकडा आल्यावर काय करायचं

"मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये मोजून घेतलं, आकडा कमी आला. म्हणजे शाळा पास ना, मॅडम?" शाळांच्या इमारतींची देखभाल हे माझं काम, त्यामुळे हा प्रश्न कायम कानावर येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: केबिन पास झाली, शाळेचं अजून काहीच कळलेलं नाही. रेडॉन हा जमिनीतून इमारतीत शिरणारा किरणोत्सारी वायू; शाळेत तो खोलीगणिक बदलतो आणि त्याच खोलीत तासागणिकही बदलतो. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन वर्गांपैकी एकात ४० आणि दुसऱ्यात ४०० बेकरेल (रेडॉन मोजायचं एकक, त्याबद्दल पुढे) असं सहज होऊ शकतं. घर तपासायची रीत शाळेला जशीच्या तशी लावली की नेमकं हेच निसटतं.

आधी थोडक्यात, आपण कशाच्या मागे लागलोय ते. माती आणि खडकात थोडंफार युरेनियम सगळीकडेच असतं. त्याचा क्षय होत होत रेडियम बनतं आणि रेडियमपासून रेडॉन. त्या साखळीतले बाकीचे सगळे घन, हा एकटा वायू, म्हणून मातीच्या कणांमधून वाट काढत वर येतो. निम्मा व्हायला त्याला ३.८ दिवस लागतात, म्हणजे जमिनीखालून खोलीत पोचायला त्याच्याकडे भरपूर वेळ असतो. खोलीत तो फुटला की पोलोनियमसारखे घन कण तयार होतात, ते धुळीला चिकटून श्वासाबरोबर फुफ्फुसात जातात आणि तिथे बसून अल्फा कण सोडतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच रेडॉनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार फुफ्फुसाच्या कर्करोगांपैकी ३ ते १४ टक्के रेडॉनमुळे होतात. हवेतली दीर्घकाळची सरासरी घनमीटरमागे दर १०० बेकरेलने वाढली की धोका साधारण १६ टक्क्यांनी चढतो. धूम्रपान करणाऱ्याच्या बाबतीत तोच धोका कितीतरी पटींनी मोठा होतो.

वास नाही, रंग नाही, खोकला नाही, डोकेदुखी नाही. वर्गात मुलं पेंगतात, शिक्षकांचं डोकं जड होतं म्हणून "रेडॉन असेल" असं कोणी म्हणालं तर त्यांना सांगा, ती कोंदट हवा आहे. रेडॉन अंगाला जाणवतच नाही. मात्र हवा कोंदट राहते त्या खोलीत रेडॉनही साचतो, तेव्हा तपासणीच्या यादीत ती खोली वर घ्यायला हरकत नाही.

किती म्हणजे जास्त

आकडा हातात आला की आधी त्याच्यापुढचं एकक बघा. निम्मे वाद इथेच मिटतात. बहुतेक ठिकाणी बेकरेल प्रति घनमीटर वापरतात (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं), अमेरिकेत पिकोक्युरी प्रति लिटर. एक पिकोक्युरी प्रति लिटर म्हणजे ३७ बेकरेल प्रति घनमीटर. "आमच्याकडे फक्त ४ आलं" असं एक जण म्हणतो आणि दुसरा "आमच्याकडे १४८, बापरे" म्हणतो, तेव्हा दोघं एकच गोष्ट सांगत असतात.

मोकळ्या हवेत ५ ते १५ बेकरेल असतं. जागतिक आरोग्य संघटना १०० ही संदर्भ पातळी सुचवते. ती गाठणं शक्य नसेल तर ३००च्या वर तरी जाऊ देऊ नका म्हणते. युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशात ३००ची कमाल मर्यादा आहे. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था १४८ला कारवाई करा म्हणते. तुमच्या देशाचा नियम असेल तो पाळाच. नसेल तर मी शाळेसाठी १०० डोक्यात ठेवते आणि त्याच्या वर गेलेल्या प्रत्येक खोलीला 'पुन्हा बघू' या यादीत टाकते. ही रेष ओलांडली की आजारी आणि अलीकडे असलं की निरोगी, असं काही नसतं. हा सगळा वर्षानुवर्षांचा हिशोब आहे. म्हणूनच मला मुलांइतकीच काळजी शिक्षकांची वाटते: मूल पुढच्या वर्षी वर्ग बदलतं, शिक्षक मात्र कधीकधी त्याच खोलीत तीस वर्षं काढतात.

आधी नकाशा, मग डबी

डिटेक्टर (रेडॉन मोजणाऱ्या डब्या) मागवायच्या आधी इमारतीचा नकाशा घ्या आणि नकाशा हातात धरून तळमजला पायी फिरा. कागदावर एक खोली दिसते आणि प्रत्यक्षात कोणीतरी मधे फळ्यांची भिंत घालून तिच्या दोन केलेल्या असतात. त्या दोन्ही वेगळ्या मोजायच्या. फिरताना जिच्या फरशीखाली थेट माती आहे किंवा रिकामं तळघर आहे, आणि जिथे माणसं रोज बसतात, अशा प्रत्येक खोलीवर खूण करा: वर्ग, प्रयोगशाळा, वाचनालय, शिक्षकांची खोली, कार्यालय, समुपदेशकांची लहानशी खोली, खेळाचा बंदिस्त हॉल. सभागृहासारख्या मोठ्या जागेला साधारण १८५ चौरस मीटरमागे एक डिटेक्टर. स्वच्छतागृहं, जिने, बोळ, अडगळीच्या खोल्या सोडून द्या. मात्र अडगळीच्या खोलीत टेबल टाकून कोणी तिथे दिवसभर हिशोब लिहीत बसत असेल, तर ती अडगळ राहिली नाही, ते कार्यालय झालं.

वरच्या मजल्यांवर सहसा कमी असतो, पण गृहीत धरू नका. पाइपांची किंवा लिफ्टची उभी पोकळी तळापासून वर गेलेली असेल तर तिच्या शेजारच्या एकदोन खोल्या घ्या. शेवटी डबीला खोली मोजायची आहे, मजला नाही.

याच फेरीत फटी बघून ठेवा. कोबा आणि भिंत मिळते तिथली सांध, हात धुण्याच्या बेसिनखाली पाइप फरशीतून वर येतो तिथलं भोक (बाहेरून टिकली लावून झाकलेलं, टिकली सरकवली की आत बोट जातं), जमिनीतल्या नाल्या, केबलचे खड्डे. सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते जुनी इमारत आणि नंतर जोडलेली इमारत यांच्या सांध्यावर. शाळा एका दमात बांधलेली क्वचित असते. दर काही वर्षांनी एक भाग जोडला जातो, प्रत्येकाचा पाया वेगळा, खालचा भराव वेगळा, आणि मधल्या सांध्यातला मसाला कधीच वाळून निघून गेलेला असतो. तिथे उदबत्ती धरून बघा. धूर खोलीच्या आत ढकलला गेला तर सांध्यातून हवा वर येतेय.

ती वर का येते हेही समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. आतली गरम हवा वर चढून बाहेर पडते, एक्झॉस्ट पंखे हवा बाहेर फेकतात, आणि आत येणारी हवा तेवढी नसेल तर खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो. फरक अगदी थोडा असतो, पण इमारत तेवढ्यावरच जमिनीतली हवा ओढायला लागते.

कोणतं साधन

थोडे दिवस मोजायचं असेल तर सक्रिय कोळशाची डबी. स्वस्त असते आणि एकदम पन्नास खोल्यांत लावता येते. झाकण उघडलं की कोळसा रेडॉन धरायला लागतो, बंद केलं की थांबतो, प्रयोगशाळा त्यातून येणारे गॅमा किरण मोजते. तिच्या दोन खोडी ध्यानात ठेवा. कोळसा धरलेला रेडॉन सोडतोही, त्यामुळे डबीला शेवटच्या दिवसाची हवा जास्त आठवते, पहिल्या दिवसाची कमी. आणि बंद केल्यावर आतला रेडॉन दर ३.८ दिवसांनी निम्मा होत जातो, म्हणून डबी त्याच दिवशी रवाना करायची. "एकत्रच पाठवू" म्हणून कपाटात आठवडाभर ठेवलेल्या डब्यांचा निकाल भरवशाचा नसतो.

लांब मोजायचं असेल, म्हणजे तीन महिन्यांपासून पूर्ण वर्षापर्यंत, तर अल्फा ट्रॅक डिटेक्टर. आत नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा असतो. अल्फा कण आदळला की त्यावर सूक्ष्म ओरखडा उमटतो, प्रयोगशाळेत तो कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने ठळक करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. वीज नको, आवाज नाही, मुलं चार दिवसांत विसरून जातात. इलेक्ट्रेट नावाचा तिसरा प्रकार असतो, त्यात विद्युतभारित चकतीचा व्होल्टेज किती उतरला ते बघतात.

चौथं साधन म्हणजे दर तासाला नोंद ठेवणारा मॉनिटर. महाग आहे, त्याचं अंशांकन (आकडे बरोबर दाखवतो ना याची तपासणी) वेळच्या वेळी करून घ्यावं लागतं, आणि सगळ्या खोल्यांना पुरेल इतके कोणाकडेच नसतात. पण शाळेच्या कामात खरी गोष्ट हाच सांगतो. कशी ते पुढे येतंच. घरगुती डिजिटल उपकरणं मिळतात ती चाळणी लावायला ठीक. फक्त पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि रोजच्या चढउतारावर बैठका बोलावू नका.

कधी मोजायचं

मुलं वर्गात बसतात त्या दिवसांत. सुट्टीत शाळा रिकामी असते, कोणाला त्रास नाही, म्हणून सगळ्यांना सुट्टीतच मोजायचं असतं, आणि सुट्टीतच हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद असते. त्या आकड्यावरून तुम्हाला रिकाम्या इमारतीबद्दल कळतं.

नेहमीचे शाळेचे दिवस, नेहमीची यंत्रणा चालू, खिडक्या आणि बाहेरची दारं डबी लावायच्या १२ तास आधीपासून बंद. ये-जा करताना दार उघडलं तर चालतं, दगड लावून उघडं ठेवायचं नाही. खिडक्या ज्या ऋतूत बंद राहतात तो ऋतू निवडा, मग त्या थंडीमुळे बंद असोत, पावसामुळे की वातानुकूलनामुळे. जिथे वर्षभर खिडक्या उघड्याच असतात तिथे दोन दिवसांच्या चाचणीसाठी त्या मुद्दाम बंद करून काय मिळवणार? तिथे सरळ अल्फा ट्रॅक लावा आणि पूर्ण शालेय वर्ष मोजा. वादळी वाऱ्याचे दिवस टाळा, इमारतीत तोडफोड किंवा रंगकाम चालू असेल तर थांबा.

दोन ते पाच दिवसांची चाचणी आठवड्याच्या मधे बसवा. मी मंगळवारी सकाळी उघडते, गुरुवारी किंवा शुक्रवारी दुपारी बंद करते. शनिवार-रविवार आत घेतले आणि सोमवारी सकाळी बंद केलं तर, वर सांगितलं तसं, कोळशाच्या आठवणीत नेमकी बंद शाळेची शेवटची रात्र भरलेली असते.

डबी लावण्याचा प्रसंग

हे काम घाईत उरकलं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डबी श्वासाच्या उंचीवर हवी: जमिनीपासून किमान ५० सेंटिमीटर वर, दारखिडक्यांपासून ९० सेंटिमीटर लांब, बाहेरच्या भिंतीपासून ३० सेंटिमीटर, आजूबाजूच्या वस्तूंपासून १० सेंटिमीटर. पंख्याचा किंवा हवेच्या जाळीचा झोत तिच्यावर येऊ नये, ऊन पडू नये, बेसिनजवळची ओल लागू नये. ओलाव्याने कोळशाची रेडॉन धरायची ताकद कमी होते. लहान मुलांच्या वर्गात हे सगळं सांभाळायला दोनच मार्ग उरतात, ते म्हणजे छतापासून दोरीने टांगणं किंवा उंच कपाटावर ठेवणं. कपाटावर ठेवायची तर आधी वरची पुठ्ठ्याची खोकी उतरवा. डबी खोक्यांच्या दरीत बसली की ती खोलीची हवा मोजत नाही.

झाकण काढायच्या आधी डबीचा क्रमांक, खोलीचा क्रमांक, तारीख आणि वेळ नोंदवहीत लिहा. आधी. झाकण काढून मग लिहू म्हटलं की तेवढ्यात कोणीतरी हाक मारतं. काढलेलं झाकण डबीखालीच ठेवा, खिशात नको, कारण बंद करताना तेच झाकण आणि तीच चिकटपट्टी लागते. नकाशावर डबीची नेमकी जागा ठिपक्याने दाखवा. शेजारी एक चिठ्ठी: "हवेची तपासणी चालू आहे. हलवू नका. यात धोकादायक काही नाही." शेवटचं वाक्य गाळू नका, ते नसेल तर डबी खिडकीबाहेर सापडते. आणि स्वच्छता करणाऱ्या मावशींना स्वतः भेटून सांगा. परिपत्रक मुख्याध्यापकांच्या टेबलावरच राहतं आणि कपाट पुसायला मावशी येतात.

दर दहा डिटेक्टरांमागे एक जोडी लावा, म्हणजे एकाच जागी दोन, शेजारी शेजारी. दोघांचे आकडे बरेच जवळ यायला हवेत. एक ६० आणि दुसरा २०० दाखवत असेल तर त्या खेपेवरच विश्वास ठेवू नका. शिवाय दर वीसामागे एक कोरी डबी: क्षणभर उघडून लगेच बंद करायची आणि बाकीच्यांबरोबर पाठवायची, कोणती कोरी आहे ते प्रयोगशाळेला न सांगता. तिचा आकडा शून्याच्या आसपास आला नाही तर घोळ डबीत, वाहतुकीत किंवा प्रयोगशाळेत आहे. या जास्तीच्या डब्यांचा खर्च व्यवस्थापन पहिल्यांदा कापतं. कापू देऊ नका. पुढे पालकसभेत "हा आकडा खरा कशावरून?" असा प्रश्न येतो तेव्हा तुमच्याकडे दाखवायला एवढंच असतं.

आकडा आला, आता?

खोल्यांची सरासरी काढू नका. पन्नास खोल्यांची सरासरी ७० आली आणि त्यातली एक ६०० असेल, तर त्या एका खोलीत बसणाऱ्यांना सरासरीचा काय उपयोग?

कमी आलेल्या खोल्या नोंदवून बाजूला ठेवा. मर्यादेच्या जरा वर आलेल्या खोल्यांत अल्फा ट्रॅक लावून शालेय वर्षभराचा आकडा घ्या आणि मग ठरवा. ३७०च्या, म्हणजे १० पिकोक्युरीच्या वर गेलेल्या खोलीत वर्षभर थांबायचं नाही; लगेच पुन्हा लहान चाचणी करायची, दुसऱ्यांदाही तसंच आलं तर दुरुस्तीची तयारी. हजारांत आकडा आला तर पुन्हा मोजणं चालू असतानाच वर्ग दुसरीकडे हलवा. घबराट म्हणून नव्हे. दुसरी खोली उपलब्ध असताना त्या खोलीत बसवण्याचं कारणच काय?

आणि दुरुस्तीवर पैसे घालायच्या आधी संशयित खोल्यांत तासाचा मॉनिटर आठवडाभर ठेवा. का, ते एका शाळेतल्या दोन खोल्यांवरून सांगते. एक साधा वर्ग, त्याच्या शेजारी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. कोळशाच्या डब्यांनी दोन्हीकडे साधारण २४० सांगितलं. कागदावर जुळ्या खोल्या. मॉनिटर लावला तेव्हा वर्गाचा आलेख रात्री ३३०च्या आसपास आणि सकाळी हवेची यंत्रणा सुरू झाली की दुसऱ्या तासापर्यंत ८०वर. प्रयोगशाळेचा बरोबर उलटा: रात्री १३०, आणि सकाळी धूर ओढणारा एक्झॉस्ट चालू झाला की चढत चढत ४५०. पंखा इमानेइतबारे हवा बाहेर फेकत होता, दारं घट्ट बंद, आत यायला वाटच नाही, म्हणून खोली फरशीखालून श्वास घेत होती. पहिल्या खोलीतली मुलं शाळेच्या वेळात ८०मध्ये बसत होती, दुसरीतली ४५०मध्ये. वर्गाला उपाय म्हणून यंत्रणेचा टायमर दोन तास आधी लावला. प्रयोगशाळेत बाहेरची हवा आत आणणारी जाळी बसवावी लागली.

उतरवायचा कसा

सुरुवात हवेपासून करा, कारण इथे बहुतेक वेळा नवीन काही घ्यावं लागत नाही. ताज्या हवेचे डॅम्पर, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपा, उघडे आहेत का बघा. गार झोत येतो म्हणून किंवा वीजबिलासाठी कोणीतरी ते कधीच बंद करून ठेवलेले असतात. जाळीपुढे पुस्तकांची कपाटं ठेवलेली असतात. फिल्टर भरलेले असतात. हे नीट करून पुन्हा मोजा. तत्त्व एकच: खोलीत येणारी बाहेरची हवा जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त हवी, म्हणजे खोलीतला दाब जमिनीतल्यापेक्षा जास्त राहतो. खिडक्या उघडणं हा उपाय आहे, पण उघड्या असेपर्यंतच. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या जाहिरातींना मात्र भुलू नका. ती धूळ आणि तिला चिकटलेले कण काही प्रमाणात धरतील, रेडॉन वायू तसाच राहील.

तेवढ्याने भागलं नाही तर फरशीखालून हवा ओढणं. कोब्याला भोक पाडून पाइप बसवतात, पंखा लावून मातीतली हवा फरशीखालच्या फरशीखालीच धरतात आणि छताच्या वर नेऊन सोडतात. आता दाब खाली कमी आणि खोलीत जास्त, त्यामुळे वायूची दिशाच उलटते. नीट केलं तर ९० टक्क्यांच्या वर घट मिळू शकते. घरात बहुधा एक भोक पुरतं. शाळेत फरशीखाली पायाच्या भिंती आडव्यातिडव्या गेलेल्या असतात, एका कप्प्यातली ओढ दुसऱ्यात पोचत नाही. म्हणून आधी चाचणी करायला सांगा: एका भोकाला तात्पुरता व्हॅक्यूम लावायचा, लांब लांब बारीक भोकं पाडून तिथे धूर आत ओढला जातो का बघायचं. ही चाचणी न करता "दोन पंखे बसवू" असं सांगणाऱ्या कंत्राटदाराला चहा पाजून परत पाठवा.

ड्रिल चालवायच्या आधी दोन गोष्टी. फरशीखालून जाणाऱ्या विजेच्या आणि पाण्याच्या लाइनी नकाशावर शोधा. आणि इमारत जुनी असेल तर फरशीच्या टाइल्समध्ये किंवा त्यांच्या गोंदात अॅस्बेस्टॉस (ज्याची धूळ फुफ्फुसाला घातक असते असं तंतुमय खनिज) आहे का ते तपासून घ्या. रेडॉन काढायच्या नादात अॅस्बेस्टॉसची धूळ उडवायची नाही. पंखा वर्गात किंवा वर्गाखालच्या तळघरात नको, बाहेर किंवा छताजवळ हवा. पाइप कुठे फुटलाच तर दाबाखालचा भाग माणसांच्या खोलीत नसावा. वरचं तोंड ताज्या हवेच्या जाळीपासून लांब. फटी बुजवा, जरूर बुजवा, त्याने पंख्याचं काम हलकं होतं; पण निव्वळ फटी बुजवून आकडा खाली आला आणि खालीच राहिला असं मी फारसं पाहिलेलं नाही. सांध पुन्हा उघडते किंवा वायू दुसरी वाट शोधतो.

पाइपावर इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची नळी बसवतात, आत रंगीत पाणी. तो मॅनोमीटर. पंखा ओढत असेल तर एका बाजूचं पाणी वर चढलेलं असतं, दुसऱ्या बाजूचं खाली. दोन्ही बाजू समपातळीत दिसल्या की पंखा बंद पडलाय. शिपायांना हे एकदा दाखवा, बसवलं त्या दिवशीची पातळी नळीवर मार्करने आखून ठेवा, आणि आठवड्यातून एकदा जाताजाता बघायला सांगा. त्यासाठी रेडॉन म्हणजे काय ते कळावं लागत नाही. पण मॅनोमीटर फक्त पंख्याचं सांगतो, हवेचं नाही, म्हणून काम झाल्यावर डब्या पुन्हा लावायच्याच, आणि त्या दुरुस्त केलेल्या खोल्या पुढेही दर दोन वर्षांनी मोजायच्या.

पालकांना काय सांगायचं

आकडे. खोलीनिहाय, एककासकट, तारखेसकट. सोबत पुढे काय करणार आणि कधीपर्यंत. "काळजीचं कारण नाही" एवढंच लिहिलेलं पत्र वाचून सगळ्यांना काळजी वाटते. सभेत एक प्रश्न हमखास येतो: माझ्या मुलाला आता काही होईल का? त्याला खरं उत्तर द्या: धोका वर्षांवर ठरतो, एका सत्रावर नाही, यासाठी कोणती रक्तचाचणी किंवा एक्स-रे काढत बसू नका. आणि त्याच पत्रात घर मोजायला सांगा. मूल शाळेपेक्षा घरात कितीतरी जास्त तास असतं, आणि शाळेत आकडे चढे आले तर त्याच जमिनीवरच्या घरांनाही विचारायला हवं.

बाकीच्या खोल्यांची फेरतपासणी मी दर पाच वर्षांनी करते. पण खिडक्या बदलल्या, नवा एक्झॉस्ट बसवला, तळघराचा वर्ग केला किंवा इमारतीला नवा भाग जोडला, तर पाच वर्षांची वाट नको, त्याच वर्षी. नकाशा, डब्यांचे क्रमांक, प्रयोगशाळेचे अहवाल, यंत्रणेचा त्या वेळचा टायमर आणि दुरुस्तीचे फोटो एका फायलीत ठेवा, आणि ती फाइल इमारतीच्या कागदपत्रांत जाऊ द्या, कोणाच्या खाजगी कपाटात नको.

नवीन भाग बांधताय? मग कोबा ओतायच्या आधी आर्किटेक्टला गाठा. खाली १० सेंटिमीटर स्वच्छ खडी, त्यावर सांधे चिकटवलेला जाड प्लास्टिकचा पडदा, आणि खडीतून छतापर्यंत एक मोकळा पाइप. पाइपावर प्रत्येक मजल्यावर "रेडॉन" असं ठळक लिहून घ्या, नाहीतर पुढे कोणीतरी त्याला बेसिन जोडतं. इमारत वापरात आली की मोजा. आकडा जास्त आला तर त्याच पाइपाला फक्त पंखा लावायचा उरतो.